आधी पेशंट बघ, मग ईसीजीची पट्टी

अगं, ईसीजी (हृदयाच्या विद्युत हालचालीचा आलेख) हातात पडला की लगेच निदान ठोकू नकोस. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिमी आहे ना, ते बघ. तरच मोठा चौकोन ०.२ सेकंदांचा. लय नियमित असेल तर दोन आर लाटांमधले (आर म्हणजे प्रत्येक ठोक्याचं उंच टोक) मोठे चौकोन मोज आणि ३०० ला त्या आकड्याने भाग, मिनिटाचे ठोके मिळतील. अनियमित लयीत हे गणित फसतं. तिथे ३० मोठ्या चौकोनांतले आर मोजून दहाने गुण.

कोऱ्या कागदाच्या कडेवर तीन आरच्या खुणा करून तो पुढे सरकव. खुणा कुठेच जुळत नाहीत, पी लाटही (आरच्या आधीची छोटी लाट) नाही, तर बहुधा एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर. ठोक्यांचा दर मिनिटाला १५० च्या आसपास अडकून बसलाय? लीड २ आणि व्ही१ या नोंदींमध्ये फ्लटर (वरच्या कप्प्यांची वेगवान, नियमित लय) शोध. तो आरनंतरच्या टी लाटेत लपतो. मी दोनदा फसलोय.

मुंबईच्या मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड सुटतात, ते वेगळंच. एकदा मॉनिटरवर व्हीटी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतली धोकादायक वेगवान लय) बघून मी धावत गेलो, तर आजोबा निवांत दात घासत होते! हात हलल्याने उमटणाऱ्या अशा गडबडीतूनही खरे क्यूआरएस (आर ज्यात असतो तो ठोक्याचा मुख्य भाग) ठरावीक अंतराने डोकावतात. पण वेगवान, रुंद क्यूआरएस खरेच असतील तर व्हीटीच समज आणि सिनियरला उठव, रात्रीचे तीन वाजले असले तरी.