कामांचं सॉफ्टवेअर घेताय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

‘प्रोजेक्ट मॅनेजमेंटसाठी कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?’ या एका ओळीच्या मेलना मी उत्तर देत नाही. काम काय, माणसं किती, हे कळल्याशिवाय नाव कसं सांगणार? ज्यांनी एवढं तरी कळवलं, त्यांचे प्रश्न घेतो.

कुडाळला आमचं चौघांचं आर्किटेक्ट ऑफिस आहे. कामांच्या पाट्या लावायचं फुकटातलं ट्रेलो अ‍ॅप पुरेल का?

पुरेल.

लोट्याला आमचा रसायनांचा कारखाना आहे. वार्षिक शटडाउनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवायच्या काळाच्या, नियोजनासाठी आयटीतला भाचा ‘जिरा घ्या, मोठ्या कंपन्या तेच वापरतात’ म्हणतो.

भाच्याच्या कंपनीत शटडाउन होत नाही. जिरा 2002 मध्ये निघालं ते सॉफ्टवेअरमधले दोष नोंदवायला. तुमचा प्रश्न वेगळा आहे: कुठलं काम अडलं तर प्लांट सुरू व्हायला उशीर होईल? यासाठी क्रिटिकल पाथची पद्धत ड्यूपाँ या रसायन कंपनीतच 1950च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. ती करणारं सॉफ्टवेअर घ्या. प्रोजेक्टलिब्रे फुकट आहे, ते आधी वापरून बघा. पण कामांचा क्रम मेंटेनन्सप्रमुख आणि सेफ्टी ऑफिसर यांच्यासमोर बसून ठरवा. वर्क परमिट, म्हणजे धोक्याचं काम सुरू करायची लेखी परवानगी, सॉफ्टवेअर देत नाही.

गुहागरला रिसॉर्टचं बांधकाम चालू आहे. सॉफ्टवेअर ऑगस्टअखेर काम संपेल म्हणतं, कंत्राटदार हसतो.

कंत्राटदाराचं बरोबर आहे. बहुतेक सॉफ्टवेअरचं मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, रोज आठ तास असं असतं. त्याला कोकणातला पाऊस ठाऊक नाही आणि गणपतीत साइटवर कोण असतं तेही नाही. उघड्यावरच्या कामांना वेगळं कॅलेंडर लावा, गणपतीची सुट्टी घाला, मग तारीख बघा. आणि पत्रे चढवायचं काम पावसाआधीच धरा, हे कंत्राटदाराला विचारूनच.

दापोलीत आमचा इंटिरिअरचा व्यवसाय आहे. स्थानिक विक्रेत्याने सगळं लावून दिलं. आता त्याने दर वाढवलेत आणि मुख्य लॉगिन त्याच्याच मेलवर आहे. दुसरीकडे कसं जायचं?

याच अवस्थेतली पत्रं मला सर्वांत जास्त येतात आणि दर वेळी तितकाच राग येतो. खरेदीच्या वेळी सगळे रंगीत डॅशबोर्ड बघतात. ‘उद्या सोडायचं झालं तर माझी माहिती कशी मिळेल?’ हे कोणी विचारत नाही आणि विक्रेता आपणहून कशाला सांगेल?

एक्सपोर्टचं बटण आहे म्हणून निर्धास्त राहू नका. सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये कामांची नावं आणि तारखा येतात. त्याखालची चर्चा, क्लायंटने मंजूर केलेली ड्रॉइंग, कुठलं काम कशावर अवलंबून, हे पुष्कळदा मागेच राहतं. ट्रेलोच्या साध्या बोर्ड-एक्सपोर्टमध्ये जोडलेल्या फाइल येत नाहीत, त्यांच्या लिंक येतात. खातं बंद झालं की त्या लिंकांचा काय उपयोग? वंडरलिस्ट हे कामांच्या याद्यांचं अ‍ॅप मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये घेतलं आणि मे 2020 मध्ये बंद केलं. एप्रिल 2022 मध्ये जिरा आणि ट्रेलो चालवणाऱ्या अ‍ॅटलासियनकडून चुकून शेकडो ग्राहकांच्या साइट पुसल्या गेल्या. काहींना माहिती परत मिळायला दोन आठवडे लागले. मग तुमच्या गल्लीतल्या विक्रेत्याच्या भरवशावर किती राहायचं?

म्हणून ट्रायलच्या पहिल्याच दिवशी दोन-चार खरी कामं भरा, फाइल जोडा, सगळं बाहेर काढा आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. मुख्य लॉगिन फर्मच्या मेलवर, बिल फर्मच्या जीएसटी क्रमांकावर. ‘आजच भरा, तीन वर्षांवर मोठी सूट’ ऐकलं की उठून या.

तुम्ही आता काय करायचं? मुख्य लॉगिन आणि सगळी माहिती आजच विक्रेत्याकडे मेलवर लेखी मागा, फोनवर नको. बिलांच्या प्रती जोडून सॉफ्टवेअरच्या मूळ कंपनीलाही कळवा. तोवर जेवढं निघेल तेवढं उतरवून घ्या. मुदत संपायची वाट बघत बसू नका. करार वकिलाला आणि बिलं सीएंना दाखवल्याशिवाय पुढचा रुपया देऊ नका.

मिरकरवाड्याजवळ आमचा बोटदुरुस्तीचा यार्ड आहे. पावसात नेट जातं. ऑफिसातच सर्व्हर ठेवून त्यावर रेडमाइन हे कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर चालवावं का?

रेडमाइन फुकट आहे, ते सांभाळणारा माणूस नाही. आणि बॅकअप त्याच टेबलाखाली ठेवणार असाल, तर जुलै 2021च्या पुरात चिपळूणच्या दुकानदारांचं काय झालं ते विचारून या. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तुमच्याकडे गर्दी, नेमकं तेव्हाच नेट बेभरवशाचं. सध्या भिंतीवर मोठा फळा लावा आणि रोज संध्याकाळी त्याचा फोटो काढा. सर्व्हरचं नंतर, तेही तो सांभाळणारा कोण हे ठरल्यावर, त्याच्याशी बोलून.

मालवणला आमची इव्हेंट कंपनी आहे. पैसे भरून अ‍ॅप घेतलं, पण पोरं उघडतच नाहीत. एआयवालं घेतलं तर फरक पडेल का?

नाही. ‘मंडप कुठवर आला?’ हे तुम्ही स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर विचारता की अ‍ॅपमध्ये?