आधी नाला कागदावर आणा, झाडांचं नंतर बघू

ताई, मामांच्या केळीशेजारून जाणाऱ्या नाल्याचा उग्र वास, मचूळ झालेली विहीर, कडेने करपणारी पानं आणि एमएस्सीच्या प्रबंधासाठी "कोणती झाडं लावून जमीन शुद्ध करता येईल" हा तुमचा प्रश्न, सगळं वाचलं. पण मी अडलो ते शेवटच्या ओळीपाशी. कार्यालयाने तुम्हाला सांगितलं की असा नाला नकाशात नाहीच. जळगाव जिल्ह्यात आम्हालाही अगदी हेच ऐकवलं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. नमुन्याच्या बाटल्या, लेबलं, जीपीएस हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं असेलच, ते सोडून देतो. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याचा भाग जाणकाराकडून तपासून घ्या.

आमच्या अर्जावर त्या कार्यालयाने वरच्या जागेच्या मंजूर लेआउटचा (भूखंडांच्या आखणीचा) नकाशा समोर टाकला. नाल्याच्या जागी त्यात "खुली जागा" असं लिहिलेलं. नाला नाही, म्हणजे त्यातलं पाणी आमचा विषय नाही, दुसऱ्या कार्यालयात जा. दुसऱ्याने म्हणायचं, आधी पहिल्याकडून नाला असल्याचं लेखी आणा. या टोलवाटोलवीत उन्हाळा गेला, पाऊस पडला, नाला धुऊन निघाला आणि मे महिन्याचा नमुना हातचा गेला. शेतकरी स्वतः येऊन वास सांगतोय, पाणी दाखवतोय आणि खुर्चीवरचा माणूस जागेवर यायलाही तयार नाही, याची चीड आजही येते. पाहणी करायला किती वेळ लागला असता?

सुटका झाली ती भूमी अभिलेखातून. तिथून जुना गाव नकाशा आणि संबंधित गटांचे फाळणी नकाशे (गटाच्या हद्दी आणि पोटहिश्शांचे नकाशे) प्रमाणित प्रतीत मागा. नाला तिथे बहुधा सापडतो. मग ज्या गटांतून तो जातो त्यांचे जुने सातबारे काढा आणि पोटखराब्याचा, म्हणजे गटातल्या लागवडीबाहेरच्या क्षेत्राचा, रकाना बघा. वर्ग अ म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन. वर्ग ब म्हणजे रस्ता, पाण्याचा प्रवाह अशा सार्वजनिक कामाची जमीन. आमच्या वरच्या गटात वर्ग ब खाली काही आर क्षेत्र स्पष्ट लिहिलेलं होतं, बिनशेती झाल्यावरच्या कागदात ते दिसेनासं झालं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवरची (नद्या-नाले, चढउतार दाखवणाऱ्या नकाशावरची) निळी रेघ आणि गूगल अर्थवरची जुन्या वर्षांची चित्रं त्यावर जुळवून लावली, तेव्हा कुठे संयुक्त स्थळपाहणी लागली. माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा खरा गाभा हाच आहे. जमिनीचा वापर कागदावर बदलताना पाण्याची वाट पुसली गेली, आणि प्रदूषण तिथूनच खाली शेतात उतरलं.

आता नमुन्यांचं. तुम्ही स्वतः घेतलेला नमुना प्रबंधाला चालतो, खटल्याला नाही. 1974 च्या जल अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या रीतीने घेतलेल्या सांडपाण्याच्या नमुन्याचाच अहवाल त्या कायद्याखालच्या खटल्यात पुरावा म्हणून धरतात. त्यामुळे तुमचे आकडे जोडून नमुना घेण्याची लेखी मागणी करा. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची मुदतही डोक्यात ठेवा. त्याच्या कायद्यातल्या कलम 14 खाली दाव्याचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून 6 महिने, भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी कलम 15 खाली 5 वर्षं. आपल्याकडचं खंडपीठ पुण्याला आहे.

मामांच्या विहिरीशी तुलनेची विहीर निवडताना मात्र फार जपा. वरच्या अंगाची कुठलीही विहीर चालणार नाही. केळीला आपण युरिया आणि पोटॅश भरपूर देतो, आणि म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. त्यामुळे नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही आपल्याच खतातूनही वाढतात. नायट्रेटची पिण्याच्या पाण्यासाठीची 45 मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा ओलांडली म्हणून नाल्यात सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याकडे बोट दाखवलंत, तर समोरचा वकील खताच्या पावत्या मागेल. वरच्या अंगाला, त्याच प्रकारच्या जमिनीत, तितकीच केळी असलेली विहीर शोधा. पानांची कड करपण्याचंही तसंच आहे, क्षारांनीही होतं आणि पालाशाच्या (पोटॅशच्या) कमतरतेनेही, म्हणून माती आणि पान दोन्ही तपासा. यावल-रावेरच्या गाळाच्या पट्ट्यात आणि खाली बेसाल्ट (काळा खडक) असलेल्या जमिनीत पाणी वेगवेगळं झिरपतं, त्या दोन विहिरींची तुलना करूच नका.

झाडांबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. वाळा, कर्दळ ही चांगली झाडं आहेत, सांडपाणी मुरवायला उपयोगी पडतात. पण वरून सांडपाण्याचा पाइप सुरू असताना खाली झाडं लावणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. शिवाय पाण्यात जड धातू असतील तर ते नष्ट होत नाहीत, झाडात जातात. तो पाला कापून टाकणार कुठे? बांधावर टाकलात तर शेळ्या खातील. सोडियम वाढून काळी माती चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) झाली असेल, तर माती परीक्षणानंतर जिप्सम आणि पाण्याचा निचरा हा जास्त खात्रीचा उपाय वाटतो. आणि किती शुद्ध करायचं हे ती जमीन पुढे कशाला वापरायची यावर ठरतं. पिण्याची विहीर, कापसाचं शेत आणि कारखान्याचं आवार यांना एकच मापदंड लावू नका, प्रबंधात हे सुरुवातीलाच लिहा.

जमिनीच्या पोताचे नकाशे लागले तर नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोकडे विचारा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी मिळाल्या, तर प्रदूषणाआधीचं चित्रही हाती येईल.

माहिती अधिकारात "नाला का दाखवला नाही" असं विचारू नका, उत्तर टाळलं जातं. लेआउट मंजुरीची पूर्ण फाइल, टिपणीसह, प्रमाणित प्रतीत मागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांच्या आत पहिलं अपील टाका. मामांच्या गटाचा जुना सातबारा मिळाला की पोटखराब्याचा रकाना इथे लिहा, बघून सांगतो.