भूकंपाचा धक्का बसला की विहिरीचं पाणी उतरतं का?

कोयनेकडचा धक्का पुण्यात जाणवला आणि आठवड्याभरात वाघोलीजवळच्या तुमच्या विहिरीचं पाणी चार फूट उतरलं, हे भूकंपामुळेच का, असं तुम्ही विचारलंय. भूकंपाने विहिरीतलं पाणी हलतं हे खरं. पण चार फूट मला पटत नाही.

आपल्याकडे पाणी असतं ते मुरमात आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत. खडक दाबला गेला की भेगेतलं पाणी वर चढतं, ताणला गेला की उतरतं. खोल बोअरमध्ये हे चांगलं दिसतं, कारण तिथलं पाणी दोन थरांत कोंडलेलं असतं. उघड्या विहिरीत फारसं कळत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने कोयना-वारणा भागात याच अभ्यासासाठी बोअर घेतल्या. तिथे अगदी जवळ चार-पाच रिश्टरचा धक्का बसला तरी पातळीतला फरक सेंटिमीटरमध्ये मोजतात. वाघोली तर तिथून सव्वाशे किलोमीटरवर!

महाभूकंपाची गोष्ट वेगळी. १९६४ साली अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा पार फ्लोरिडातल्या विहिरींत पाणी वरखाली झालं. असे हेलकावे बहुतेक वेळा थोड्या वेळात थांबतात. पण हादरा जवळचा आणि जोराचा असला तर भेगांत बसलेला गाळ सुटतो, नव्या वाटा फुटतात. एक झरा वाढतो, दुसरा आटतो. २०१६ च्या कुमामोतो भूकंपानंतर जपानमधलं सुइझेन्जीचं झऱ्यांवरचं तळं असंच आटलं होतं, पुढे ते पुन्हा भरलं. म्हणून आधी हे आठवा: धक्क्यानंतर तुमचं पाणी गढूळ झालं होतं का?

सासवडजवळच्या आमच्या विहिरीवर वडील रोज सकाळी दोरीला दगड बांधून पाणी मोजायचे आणि वहीत लिहायचे. एका वर्षी असंच पाणी उतरलं आणि सगळे भूकंपाचं नाव घ्यायला लागले. वही उघडली तर उतार धक्क्याच्या तीन दिवस आधीच सुरू झालेला. बांधापलीकडे कांद्यासाठी नवी बोअर चालू झाली होती.

तुम्हीही कठड्यावर एक खूण करा. रात्रभर मोटर बंद ठेवून पहाटे त्याच खुणेपासून मोजा, आठ-दहा दिवस. शेजारी नवी बोअर कुणी घेतली तेही विचारा. आणि पाणी गढूळ झालं असेल, तर तपासून घेतल्याशिवाय घरात प्यायला वापरू नका.