ती एक ओळ आणि तिच्याभोवतीचा अध्याय

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आईने बायबलच्या लेवीय पुस्तकातल्या 19:28 या ओळीखाली तांबडी रेघ ओढून पवित्र शास्त्र तुझ्या उशाशी ठेवलं, पाळक "प्रार्थना कर" एवढंच म्हणाले, आणि आता तू मला विचारतेस की ख्रिस्ती विश्वासणाऱ्याने टॅटूचं काम शिकावं का. मी 22 वर्षं सुई चालवतो आहे आणि त्याहून जास्त वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बसतो आहे. दोन्हीकडच्या नजरा मला पाठ आहेत.

आईवर चिडू नकोस. ओळ आहे, ती खोडता येत नाही. मृतासाठी अंगावर घाव करून घेऊ नका, अंगावर खुणा गोंदू नका, असं ती सांगते. त्या खुणेसाठी मूळ हिब्रूत जो शब्द आहे, तो सबंध शास्त्रात एवढ्या एकाच ठिकाणी येतो. त्यामुळे नेमकी कोणती रीत नजरेसमोर होती, शोकाची की गुलामावर मालकाचं नाव उमटवण्याची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आदल्या ओळीत दाढीच्या कडा कापू नका असंही आहे, आणि आपले वडीलधारे दर रविवारी गुळगुळीत दाढी करून पहिल्या रांगेत बसतात. तरुणपणी हा मुद्दा मी फार मिरवला. समोरचा गप्प व्हायचा, पण त्याला पटलेलं काहीच नसायचं. आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. कारण शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हे वचनही त्याच अध्यायातलं, दहाच ओळी अलीकडचं. ते कुणी दाढीबरोबर मोडीत काढत नाही.

मंडळीचा इतिहास काढलास तर तोही एका सुरात बोलत नाही. रोमी जगात गुन्हेगार आणि पळून जाणारे गुलाम यांच्या अंगावर खुणा गोंदत. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने शिक्षा झालेल्यांच्या चेहऱ्यावर अशी खूण करायला बंदी घातली. चेहरा स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिरूपात घडलेला आहे, हे त्याचं कारण. हात आणि पोटऱ्या मात्र त्याने मोकळ्या ठेवल्या! (मी चेहऱ्यावर काम करत नाही, त्यामागे हा कायदा थोडासा आहेच.) सहाव्या शतकात गाझाचा प्रोकोपियस लिहितो की पुष्कळ ख्रिस्ती लोक मनगटावर किंवा दंडावर क्रूस किंवा ख्रिस्ताचं नाव उमटवून घेतात. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 44व्या अध्यायात, एक जण आपल्या हातावर "परमेश्वराचा" असं लिहील म्हटलंय, त्यावरची ही टीप. आठव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पोपच्या दूतांपुढे झालेल्या धर्मसभेने गोंदण्याच्या जुन्या अन्यधर्मी चालीचा निषेध केला, पण देवासाठी कुणी ते सोसलं तर त्याला मोठं प्रतिफळ आहे, असंही त्याच दमात लिहून ठेवलं. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती आजही उजव्या मनगटावर क्रूस गोंदून घेतात. यरुशलेमातलं रझूक कुटुंब यात्रेकरूंना क्रूस गोंदतं, जुने लाकडी ठसे त्यांच्याकडे अजून आहेत, आणि घराण्याची परंपरा ते 700 वर्षांची सांगतात. 2018 साली पोप फ्रान्सिस यांनी तर तरुणांच्या सभेत सांगितलं की टॅटूंना घाबरू नका, त्यावरून संवाद सुरू होऊ शकतो.

हे सगळं आईपुढे पुरावा म्हणून मांडायला गेलीस तर हरशील. मांडू नकोस. तुला स्वतःला माहीत असावं म्हणून लिहिलं.

खरा प्रश्न धंद्याचा आहे. स्वतःच्या अंगावर एक क्रूस काढून घेणं वेगळं आणि रोज दुसऱ्याची कातडी हातात घेणं वेगळं. यावर मला सगळ्यात उपयोगी पडला तो उत्तर आफ्रिकेतला जुना ख्रिस्ती लेखक टर्टुलियन, आणि तोही कडक माणूस. इ.स. 200 च्या आसपास मूर्ती घडवणारे कारागीर ख्रिस्ती होऊ लागले, तेव्हा ते म्हणत की आम्हाला दुसरं काम येत नाही, पोट कसं भरायचं? त्याने पोटाची सबब मानली नाही, पण हात थांबवा असंही म्हटलं नाही. जो गिलावा करतो त्याला छप्पर दुरुस्त करता येतं. जो लाकडातून देव कोरतो त्याला कपाट त्याहून सहज जोडता येईल. कसब ठेव, काम निवड. मी माझ्या दुकानात तसंच वागतो. द्वेषाची चिन्हं, टोळ्यांच्या खुणा, कुणाची विटंबना करणारं चित्र मी करत नाही. दुसऱ्या धर्माचं पूजाचिन्ह घेऊन कुणी आलं तर नम्रपणे दुसऱ्या कलाकाराकडे पाठवतो. माझा एक विश्वासणारा सहकारी ते करतो आणि त्याचा विवेक त्याला टोचत नाही. वादाच्या गोष्टींत एकमेकांना दोष देऊ नका असं सांगणारा रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय आम्ही दोघंही वाचतो. पण पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी तुझी यादी तुझ्या मनात तयार असू दे. भाडं थकलेलं असताना ठरवायला बसलीस तर यादी फार आखूड होते.

आता त्या अध्यायाकडे परत ये. मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नको (19:13). दुकानात शिकाऊ पोरं राबतात, ते आठवून वाच. इकडचं तिकडे सांगत फिरू नको (19:16). खुर्चीत चार तास वेदना सोसणारा माणूस असं काही बोलून जातो की जे तो बायकोलाही सांगत नाही. वजनंमापं खरी ठेव (19:36). शाई कुठली, सुई नवी आहे का, हत्यारं वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह 121 अंशांवर पूर्ण वेळ चालला का, हे गिऱ्हाईक तपासू शकत नाही. हेपटायटिसचा विषाणू घरी कोण घेऊन जाणार, हे तुझ्या एकटीच्या सचोटीवर ठरतं.

आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नको (19:14) ही ओळ मी स्वतः मोडली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाने हिब्रूतलं वचन मागितलं. मला हिब्रूचं अक्षरही येत नव्हतं. संगणकावरून उतरवलं, स्टेन्सिल केलं, दंडावर गोंदलं. अक्षरं उलट्या क्रमाने लागली होती. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि त्या सॉफ्टवेअरने ती पालटली होती. दोन वर्षांनी कुणीतरी त्याला सांगितलं. तो रागावला नाही, हेच मला जास्त लागलं. तेव्हापासून ज्या लिपीत मला वाचता येत नाही, ती जाणकाराने तपासल्याशिवाय मी सुई लावत नाही.

आणि ती 28वी ओळ. ती मी वगळत नाही. कुणी गेल्याच्या आठवड्यात माणसं येतात, डोळे सुजलेले, हातात फोटो. पूर्वी मी लगेच बसवायचो, धंदा असतो. एका बाईंनी नवऱ्याचा चेहरा खांद्यावर काढून घेतला आणि पुढे तीन महिने आरशाला पाठ करून कपडे बदलले. ते त्यांनीच मला येऊन सांगितलं. आता मी फोटो ठेवून घेतो, चहा देतो, चित्र काढायला घेतो आणि तीन महिन्यांनंतरची तारीख देतो. निम्मे परत येत नाहीत. मृतासाठी अंगावर घाव नको, हे ज्याने लिहिलं त्याला शोकातली माणसं ठाऊक होती, असं मला वाटतं. विद्वान काय म्हणतील ते म्हणोत.

यशयाचं 49:16 मात्र खूप जण तळहातावर मागतील: मी तुला आपल्या तळहातांवर कोरलं आहे. नाही म्हण. तळहाताची कातडी जाड, झिजत राहणारी. तिथे शाई टिकत नाही. देवाने कोरायला नेमकी तीच जागा निवडली, याचं मला कारागीर म्हणून अजून हसू येतं.

तुझ्या अंगावर एकही टॅटू नसला तरी हे काम शिकता येतं. आईला दुखवून पहिला काढून घेण्याची घाई करू नकोस. आणि चेहरे काढणं तूर्त थांबव. पुढच्या पत्राबरोबर नुसत्या रेघांची पानं पाठव, लांब, एका दमात ओढलेल्या, हात न टेकता. कुठे थरथरतात ते बघू.

तुझा,
काका