न्यायालयाकडे ना फौज, ना तिजोरी. मग सरकार त्याचं ऐकतं कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पंतप्रधानाने किंवा राष्ट्राध्यक्षाने घटना न्यायालयाचा, म्हणजे कायदे आणि सरकारी निर्णय घटनेवर तपासून पाहणाऱ्या न्यायालयाचा, निकाल धाब्यावर बसवायचं ठरवलं, तर न्यायाधीश त्याचं काय वाकडं करणार? आणि हात असे रिकामे असताना काही देशांत त्यांचा शब्द चालतो, काही देशांत चालत नाही, हे कशावर ठरतं?

मी वकिली करतो आणि जोडीला कायद्याच्या मुलांना घटना शिकवतो. वर्गात आम्ही सगळे गाजलेल्या निकालांतलं तत्त्व घोकून घेतो. प्रत्यक्ष हुकूम मात्र शेवटच्या पानावर असतो आणि तो कोणी धड वाचत नाही. न्यायालयाची पत कशी वाढली ते त्या पानावर कळतं, असं माझं मत आहे. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला तत्त्व मोठं असतं आणि हुकूम अगदी लहान.

अमेरिकेचा १८०३ चा मार्बरी खटला घ्या. जुन्या सरकारने जाता जाता मार्बरीला न्यायदंडाधिकारी नेमलं, पण नेमणुकीचा कागद पोचवायचा राहिला. राहिला कोणाच्या हातून? तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या जॉन मार्शल यांच्याच. तेच आता सरन्यायाधीश होऊन खटला ऐकत होते! (आज कोणी असं केलं तर पहिल्याच तारखेला हरकतीचा अर्ज पडेल.) नवे अध्यक्ष जेफर्सन कागद द्यायला तयार नव्हते, आणि तसा हुकूम दिला असता तर तो पाळला गेला नसता हे मार्शलना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी निकाल दिला की मार्बरीचा हक्क खरा, पण या न्यायालयाला तसा आदेश द्यायची मुभा देणारं कलमच घटनाबाह्य. जेफर्सन जिंकले, त्यामुळे मोडायला हुकूमच उरला नाही. संसदेचा कायदा रद्द करायचा अधिकार तेवढा न्यायालयाने स्वतःकडे घेतला आणि पुन्हा वापरला तो थेट १८५७ मध्ये. तोही ड्रेड स्कॉट खटल्यात, गुलामगिरीच्या बाजूने. त्या निकालाची नामुष्की न्यायालयाला पुढे फार काळ पुरली.

आता आपल्याकडे या. १९७३ च्या केशवानंद खटल्यात तेरा न्यायाधीश, अडुसष्ट दिवस सुनावणी, निकाल ७ विरुद्ध ६. घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण खटला दाखल करणारे केरळचे मठाधिपती केशवानंद स्वामी, त्यांना काय मिळालं? जवळजवळ काही नाही. संसदेला मूलभूत हक्कही बदलायची मुभा देणारी २४ वी घटनादुरुस्ती कायम, केरळच्या जमीन सुधारणा कायद्यांना संरक्षण देणारी २९ वीही कायम. २५ वीचा एक तुकडा तेवढा रद्द झाला. तरी सरकारने त्यातली मेख ओळखली. दुसऱ्याच दिवशी तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून ए. एन. राय यांना सरन्यायाधीश नेमलं गेलं.

नोव्हेंबर १९७५ मध्ये, आणीबाणी चालू असताना, हीच चाल पुन्हा दिसली. इंदिरा गांधींच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेणारं ३९ व्या दुरुस्तीतलं कलम सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत चौकटीच्या आधारे उडवलं, आणि त्याच निकालात इंदिराबाईंची निवड वैध ठरवली. ज्याच्या खुर्चीला धक्का लागला नाही, तो निकालाशी भांडणार कशाला? पुढच्याच आठवड्यात राय यांनी केशवानंद निकालाचा फेरविचार करायला तेरा जणांचं पीठ बसवलं. फेरविचाराचा अर्ज नक्की कोणी केला, याचंच उत्तर कोणाला देता येईना. केशवानंद स्वामींचे वकील नानी पालखीवाला उभे राहिले, दोन दिवस युक्तिवाद झाला आणि पीठ मोडीत निघालं. तत्त्व वाचलं.

पण तत्त्व वाचलं म्हणून न्यायालय वाचतं असं नाही. एप्रिल १९७६ मध्ये जबलपूर खटला आला. विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्या माणसाला देहोपस्थितीचा (मला न्यायालयापुढे आणा आणि अटक कायदेशीर आहे का ते तपासा, असा) अर्ज करता येईल का, एवढाच प्रश्न होता. मुंबईसकट नऊ उच्च न्यायालयं हो म्हणाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी नाही म्हटलं. एकटे एच. आर. खन्ना विरोधात गेले आणि त्यापायी त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. आणीबाणी उठल्यावर न्यायालयाकडे तत्त्व भरपूर होतं, इज्जत फारशी नव्हती.

ती परत कशी आली? माझ्या मते वकिलांच्या युक्तिवादांतून नाही, नव्या पक्षकारांमुळे. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांची प्रकरणं आली, कैद्याचं पत्रच अर्ज म्हणून घेतलं जाऊ लागलं, जनहित याचिका सुरू झाल्या. मुंबईचा ओल्गा टेलिस खटला यातला मला सर्वांत बोलका वाटतो. १९८१ मध्ये अंतुले मुख्यमंत्री असताना फुटपाथवरच्या झोपड्या उठवून माणसांना शहराबाहेर पाठवायचं ठरलं. १९८५ च्या जुलैत निकाल आला. पोट भरायचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग, हे तत्त्व आजही देशभर उद्धृत होतं. शेवटचं पान काय म्हणतं? पालिकेला फुटपाथ मोकळे करता येतील. मात्र ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, थांबा. हा निकाल यशवंतराव चंद्रचूडांचा. जबलपूरच्या बहुमतातही तेच होते. जबलपूरचा निकाल पुढे २०१७ मध्ये रीतसर रद्दबातल ठरवणाऱ्या नऊ जणांच्या पीठात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

फुटपाथवाल्यांना पावसाळ्यापुरतीच मुदत मिळाली, हे मला आजही खटकतं. पत वाढली न्यायालयाची, घर गेलं त्यांचं. या हिशेबाची ही बाजू विद्यापीठातल्या चर्चांत फारशी येत नाही.

जर्मनीने मात्र पत नुसती साठवली नाही, ती वेळेवर खर्चही केली. कार्ल्सरूहे शहरातलं घटना न्यायालय १९५१ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचा खर्च न्यायमंत्रालयाच्या अंदाजपत्रकात होता. ज्याच्या सरकारविरुद्ध निकाल द्यायचा, त्याच्याच मंत्र्याकडे टंकलेखकाच्या पगारासाठी तोंड वेंगाडायचं. १९५२ मध्ये न्यायाधीशांनी स्वतःच एक निवेदन लिहून काढलं: आम्ही मंत्रालयाचं खातं नाही, संसद आणि राष्ट्राध्यक्ष यांच्या बरोबरीची घटनात्मक संस्था आहोत. न्यायमंत्री डेलर भडकले. पुढच्या वर्षी न्यायालयाला स्वतःचं अंदाजपत्रक मिळालं आणि निवडणुकीनंतर डेलर यांना ते खातं काही परत मिळालं नाही.

मग १९५८ चा ल्युथ निकाल. फाइट हार्लान हा नाझी काळात ज्यूद्वेषी प्रचारपट काढणारा दिग्दर्शक. त्याच्या नव्या चित्रपटावर बहिष्कार टाका, असं आवाहन हॅम्बर्गच्या एरिश ल्युथ यांनी केलं, तर दिवाणी न्यायालयाने ल्युथ यांनाच मनाई केली. घटना न्यायालयाने ती मनाई उठवली. हुकूम एका माणसापुरता, पण तत्त्व असं की मूलभूत हक्कांचा उजेड खासगी व्यवहारांच्या कायद्यावरही पडला पाहिजे. म्हणजे देशातलं प्रत्येक दिवाणी न्यायालय कार्ल्सरूहेच्या नजरेखाली आलं. जोडीला तिथे कोणीही नागरिक बिनफीचा, बिनवकिलाचा अर्ज करू शकतो. शंभरातले दोन-तीनच यशस्वी होतात, तरी हजारो लोक दरवर्षी अर्ज करतात. आपलं गाऱ्हाणं नेण्याची ती जागा आहे, असं ज्या देशात घरोघरी वाटतं, तिथे मंत्र्याला त्या न्यायालयावर हात टाकणं जड जातं.

म्हणून १९६१ मध्ये हिंमत झाली. चान्सलर आडेनाउअर यांनी केंद्र सरकारच्या ताब्यातली दूरचित्रवाणी कंपनी काढली होती. काही राज्यं न्यायालयात गेली आणि न्यायालयाने कंपनीच घटनाबाह्य ठरवली. इथे हुकूम चांगलाच मोठा होता. निकाल चुकीचा आहे यावर मंत्रिमंडळाचं एकमत आहे, असं म्हातारा संसदेत उभा राहून म्हणाला. आणि निकाल पाळला. राज्यांनी मिळून काढलेली झेडडीएफ वाहिनी १९६३ मध्ये सुरू झाली.

रशियाने नेमकं उलट केलं. तिथलं न्यायालय १९९१ चं. सप्टेंबर १९९३ मध्ये येल्त्सिन यांनी संसद बरखास्त केली, न्यायालयाने त्याच रात्री तो हुकूमनामा घटनाबाह्य ठरवला. कायदा म्हणून निकाल बरोबरच होता, पण दोन वर्षांच्या न्यायालयामागे उभं राहायला कोणी नव्हतं. ७ ऑक्टोबरला येल्त्सिन यांनी न्यायालयच स्थगित केलं.

मग दक्षिण आफ्रिकेचं नवंकोरं न्यायालय १९९५ मध्ये कसं तगलं? जूनमध्ये त्याने फाशी रद्द केली, तीही जनमत फाशीच्या बाजूने आहे असं गृहीत धरून. सप्टेंबरमध्ये खुद्द मंडेला यांचे दोन अध्यादेश उडवले, मात्र संसदेला दुरुस्तीसाठी मुदत दिली. मंडेला यांनी लगेच जाहीर करून टाकलं की निकाल मान्य आहे. न्यायालयाचे अध्यक्ष आर्थर चास्कल्सन हे, ज्यात मंडेलांना जन्मठेप झाली त्या रिव्होनिया खटल्यात, मंडेलांच्याच बचावाच्या वकिलांपैकी होते. नव्या न्यायालयाने आधी लहान हुकूम देऊन पत कमवावी, हा माझा नियम इथे थोडा लंगडा पडतो, आणि पडू दे. असा हरणारा रोज मिळत नाही.

पोलंडने २०१६ मध्ये आणखी सोपी युक्ती दाखवली. सरकारने घटना न्यायालयाचा निकाल राजपत्रात छापायचंच नाकारलं. अवमान नाही, मोर्चा नाही, नुसता छापखाना बंद. हे पाहून जर्मन सावध झाले. न्यायाधीश किती, मुदत किती, हे तिथे सत्तर वर्षं साध्या कायद्यात होतं, म्हणजे साध्या बहुमताने बदलता येत होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सोळा न्यायाधीश आणि बारा वर्षांची एकच मुदत या गोष्टी घटनेत घातल्या गेल्या. न्यायाधीश निवडायला दोन-तृतीयांश मतं लागतात, ही अट मात्र साध्या कायद्यातच राहिली.