एफडी मोडून नव्या लॅपटॉपमध्ये रॅम घालू का?

चिंचवडच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. भोसरीच्या टूलरूममध्ये सहा वर्षं डिझायनर म्हणून काम केल्यावर गेलं दीड वर्ष त्या घरून, स्वतंत्रपणे वेल्डिंग फिक्स्चरची (वेल्डिंग करताना भाग जागेवर पकडून ठेवणाऱ्या साधनांची) डिझाइनं करतात. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी बचतीतून १,७८,००० रुपये एकरकमी मोजून मोबाइल वर्कस्टेशन, म्हणजे जड डिझाइनकामासाठीचा लॅपटॉप, घेतला. ८ जीबीचं आरटीएक्स २००० एडा ग्राफिक्स, १६ जीबी रॅमची एक पट्टी, ५१२ जीबी एसएसडी. पहिल्या दिवसांचा अनुभव त्यांनी मन लावून लिहिला आहे. कीबोर्ड छान, बॉडी भक्कम, सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल फिरवताना आता अडखळत नाही. पण स्क्रीन फिकट, पंखा सारखा घोंघावतो, चार्जर विटेसारखा जड, आणि मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडलेलं मॉडेल) उघडली की मशीन दमतं.

दुकानदाराने त्यावर यादी करून दिली: ६४ जीबी रॅम ४४,०००, २ टीबी एसएसडी २१,०००, अपघाती नुकसानीसह तीन वर्षांची वाढीव वॉरंटी १४,५००, २७ इंची फोर-के मॉनिटर २७,०००, डॉक (लॅपटॉपला मॉनिटर वगैरे एकाच वायरीने जोडणारी पेटी) १८,५००. एकूण १,२५,०००. ताईंचा प्रश्न असा, की यासाठी ३ लाखांची एफडी मोडू, की कार्डावर बारा हप्ते करू? मैत्रीण म्हणते, धंद्याचा खर्च आहे, टॅक्समध्ये निघेल.

ताई, आधी उत्तर देतो. एफडी मोडू नका आणि हप्तेही करू नका. यादीतली वॉरंटी आत्ता घ्या, रॅम पंधरा दिवसांनी मोजमाप करून घ्या, बाकीचं थांबवा. वर्कस्टेशन घेतलात ते मात्र बरोबर केलंत. दिवसाचे आठ तास ज्या सॉफ्टवेअरवर पोट आहे, त्याच्या कंपनीने तपासून प्रमाणित केलेला ग्राफिक्स ड्रायव्हर मिळणं हा चोचला नाही.

मैत्रिणीचा टॅक्सचा मुद्दा तुमच्या बाबतीत लागू होत नाही. तुमचे सीए कलम ४४एडीएखाली रिटर्न भरतात असं तुम्हीच लिहिलं आहे. त्यात जमेच्या निम्मी रक्कम नफा धरली जाते आणि घसारा (वापराने दरवर्षी घटणारी वस्तूची किंमत) त्यातच आला असं मानतात. (१ एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्यात कलमाचा क्रमांक बदलतो, सोय राहते.) संगणकावरचा ४० टक्के घसारा नियमित हिशेबाची पुस्तकं ठेवणाऱ्याला वेगळा मिळतो, तुम्हाला नाही. तुमची महिन्याची सरासरी जमा ८५,००० म्हणजे वर्षाला १०,२०,०००, त्याचे निम्मे ५,१०,०००. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. मुळात कर लागतच नसेल तर खरेदी करून वाचवायचं काय?

जीएसटीचंही तेच. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाख असल्याने तुम्ही नोंदणी केलेली नाही, त्यामुळे लॅपटॉपच्या किमतीतले १८ टक्के, म्हणजे सुमारे २७,१५० रुपये, तुमचा खर्चच आहे. आता स्वेच्छेने नोंदणी केलीत तरी आधी घेतलेल्या भांडवली वस्तूवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. तेव्हा यादीतली प्रत्येक वस्तू पूर्ण किमतीला पडते असं धरूनच विचार करा.

आता रॅम. इथे जरा थांबतो, कारण तुमची भीती खरी आहे. तुम्ही लिहिलंत, ‘आत्ता घेतली नाही तर आणखी महागेल.’ २०२५ च्या उत्तरार्धात एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव जगभर चढले. डिसेंबरमध्ये तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करणार असल्याचं जाहीर केलं. ‘बेस मॉडेल घ्या, रॅम नंतर स्वस्तात घाला’ हा सल्ला मी स्वतः अनेक वर्षं देत आलो, आज तो डोळे मिटून देता येत नाही.

तरीही ६४ जीबी हा आकडा दुकानदाराच्या यादीतून आला आहे, तुमच्या कामातून नाही. तुमचं फिक्स्चर ट्रायआउट (प्रत्यक्ष चाचणी) घेतल्याशिवाय ग्राहक पास करतो का? मग या मशीनचाही ट्रायआउट घ्या. पुढचे पंधरा दिवस रोजचंच काम करा. सर्वांत मोठी असेंब्ली, तिच्यासोबत ग्राहकाची आयात केलेली बॉडी पॅनलची स्टेप फाइल, ब्राउझर, पीडीएफ, सगळं एकत्र उघडं असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’चा (चालू प्रोग्रॅमनी मागितलेल्या एकूण मेमरीचा) आकडा बघा आणि दिवसाचा सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा. मॉडेलच्या कुठल्या भागाला किती वेळ लागतो हे दाखवणारं सॉलिडवर्क्सचं परफॉर्मन्स इव्हॅल्युएशनही चालवून बघा. मॉडेल रिबिल्ड होताना (बदलानंतर पुन्हा तयार होताना) बहुतांशी प्रोसेसरचा एकच कोअर राबतो. तिथे लागणारा वेळ रॅम चौपट केल्याने कमी होत नाही. उलट मेमरी खरोखर भरून विंडोजला डिस्कचा आधार घ्यावा लागत असेल, तर रॅम वाढवल्याचा फरक पहिल्याच दिवशी जाणवेल.

आकडा २८ जीबीच्या आत राहिला तर १६ जीबीची आणखी एक पट्टी घाला. त्याच दुकानात ती १३,५०० ला आहे. आज तुमच्या दोन खाचांपैकी एकच भरलेली असल्याने मेमरीचा अर्धाच रस्ता वापरात आहे. दुसरी पट्टी बसली की दोन्ही चालू होतात, आणि तुम्हाला जाणवणाऱ्या दमण्यातलं काही तेवढ्यानेच जाईल. आकडा २८ च्या वर गेला तर एकच ३२ जीबीची पट्टी घ्या, २२,००० ला. ४८ जीबी होतील. जोडी विषम असली तरी चालते. पुढेमागे ६४ लागलेच तर फक्त जुनी १६ ची पट्टी निघेल, नवी फुकट जाणार नाही. भाववाढीच्या भीतीला माझं उत्तर हे असं आहे: अर्धं पाऊल टाका, पण ज्या दिशेने पुढे जायची शक्यता आहे त्याच दिशेने टाका.

वॉरंटी मला यादीत सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तुमच्या पत्रात तिला एक ओळही मिळालेली नाही. रॅम, एसएसडी, बॅटरी बदलता येते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स मात्र मदरबोर्डवरच डकवलेले असतात. बोर्ड गेला की तिन्ही एकदम गेले, आणि तो खर्च तुमच्या एका महिन्याच्या जमेच्या घरात जाऊ शकतो. शिवाय दुरुस्ती होईपर्यंत काम बंद. जो भाग आपल्याला सुटा बदलता येत नाही त्याचा विमा आधी, हा माझा क्रम आहे. वाढीव वॉरंटी साधारणपणे मूळ वॉरंटी चालू असतानाच घेता येते, अपघाती नुकसानीच्या संरक्षणाची मुदत त्याहून कमी असू शकते. त्यामुळे कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर घालून या आठवड्यातच बघा. घरी येऊन दुरुस्तीची सेवा आहे ना, आणि रॅम आपण स्वतः बदललेली चालते ना, हे दोन्ही ईमेलवर लेखी विचारून घ्या.

एसएसडी नको. तुमच्या मशीनमध्ये एसएसडीसाठीची दुसरी एम.२ खाच रिकामी आहे, ५१२ भरत आले की त्यात दुसरी बसवता येईल, जुनी काढावीही लागणार नाही. त्याऐवजी २ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घ्या. साडेसहा हजारांचा अंदाज मी धरला आहे. रोज रात्री कामाची प्रत तिच्यावर घ्या. ग्राहकांची ड्रॉइंगं आज एकाच ठिकाणी आहेत हे वाचून मला रॅमपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटली. डॉकची गरज दिसत नाही, एक मॉनिटर एचडीएमआयने थेट जोडता येतो. मॉनिटर लागेल, डोळ्यांसाठी लागेल, पण तो तीन-चार महिन्यांनी घेतला तर काम अडत नाही. तोवर जुन्या नोकरीच्या काळातला २४ इंची वापरा. फिकट स्क्रीनमुळे फिक्स्चरचं माप बदलत नाही.

पैशाकडे येतो. घरखर्च ४८,००० आणि एफडी ३ लाख, म्हणजे सव्वासहा महिन्यांची सोय. सव्वा लाख काढले तर साडेतीन महिन्यांच्या जरा वर उरते. पगारदाराला ते चाललं असतं. तुमचं पेमेंट ९० दिवसांनी येतं आणि मार्चमध्ये सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी उभी आहे, तेव्हा तुम्हाला चालणार नाही. एफडी मुदतीआधी मोडली की बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. ते नुकसान लहान आहे, माझी हरकत उशी पातळ होण्याला आहे.

हप्त्यांचा हिशेब असा: १६ टक्क्यांनी १,२५,००० चे बारा हप्ते प्रत्येकी सुमारे ११,३४० चे. व्याज ११,१०० च्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी २,०००, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी व्याज कुठेतरी असतंच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसते आणि ते व्याज बहुधा प्रोसेसिंग फीच्या रूपात लपवलेलं असतं, असं बँकांना सुनावलं होतं.

मी सुचवलेली खरेदी म्हणजे वॉरंटी १४,५००, डिस्क ६,५०० आणि रॅम १३,५०० किंवा २२,०००. एकूण ३४,५०० किंवा ४३,०००. बऱ्या महिन्यात तुमच्या हातात ३७,००० उरतात. एका, फार तर दीड महिन्याच्या शिलकीत हे सगळं बसतं. वॉरंटी आणि डिस्क या महिन्यात, रॅम पुढच्या.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीत, की तीन ग्राहकांकडे मिळून २,४०,००० अडकले आहेत. ताई, तुमच्या अख्ख्या यादीच्या जवळजवळ दुप्पट रक्कम त्यांच्याकडे आहे! लघुउद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम पोर्टलवर नोंदणी करा. ती मोफत आहे, आणि सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवू शकतो. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी पेमेंट ४५ दिवसांच्या आत करावं लागतं, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आहे: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही, तर ग्राहक कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. मार्च जवळ आला की लेखाविभाग याच कारणासाठी अशी बिलं शोधतो. जुन्या बिलांना हा आधार मिळेल असं धरू नका. नोंदणीनंतरच्या प्रत्येक बिलावर मात्र उद्यम क्रमांक ठळक छापा आणि पीओवरच (ग्राहकाच्या खरेदी आदेशावरच) ४५ दिवसांची अट मागा. भांडायची गरज नाही, क्रमांक बराच बोलतो.

ग्राहक १० टक्के टीडीएस कापतात असंही तुम्ही लिहिलं आहे. कर शून्य असेल तर तो परत मिळायला हवा. फॉर्म २६एएसमध्ये (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या नोंदीत) तिन्ही ग्राहकांनी तो खरोखर भरला आहे का हे या रविवारी बघा, आणि रिटर्नची तारीख चुकवू नका. मॉनिटर त्या परताव्यातून घ्या.