जुन्या इंग्रजी चित्रांत समुद्रकिनाऱ्यावर चाकं लावलेल्या लाकडी खोल्या दिसतात, त्या कशासाठी असत?

किनाऱ्यावरच्या लोकांच्या नजरेस न पडता कपडे बदलून थेट समुद्रात उतरता यावं यासाठी. बाई अंगभर कपड्यांनिशी आत चढायची, घोडा खोली पाण्यात ओढून न्यायचा, तोवर आत हेलकावे खात कपडे बदलायचे (कसरतच!) आणि समुद्राकडच्या दाराने पायऱ्या उतरायच्या. इंग्लंडमधल्या मार्गेट या किनाऱ्यावरच्या गावच्या बेंजामिन बीलने १७५० च्या सुमारास त्या दाराला कॅनव्हासचं घडीचं छत जोडलं, म्हणजे डुबकीही आडोशातच. व्हिक्टोरिया राणीची अशी गाडी आइल ऑफ वाइट या इंग्लंडच्या बेटावर, तिच्या ऑस्बोर्न या निवासस्थानी आजही बघायला मिळते. मधल्या काळात त्या गाडीचं कोंबड्यांचं खुराडं झालं होतं. मात्र या गाड्या फक्त बायकांसाठी नव्हत्या, पुरुषही त्या वापरत.